राह्यलेली काच

"लाभ गा लाभ... दोन गा दोन..."

लहानूचा हा आवाज रुपरावनं पहिल्यांदा ऐकला त्याला आता बावीस वर्षं झाली. इतवारीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रक खाली होत होता. एक सडपातळ माणूस उतरलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर वीत टाकत होता, गठ्ठा कमरेवर तोलत होता आणि मोजणी चक्क गात होता. पहिल्या गठ्ठ्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. ही धान मापणाऱ्यांची रीत. लहानूनं ती कुही गावाकडच्या खळ्यांवर लहानपणी ऐकलेली. मोजता मोजता मध्येच तो पदरचं काहीबाही जोडायचा:

पहिल्याले म्हना लाभ, दुसऱ्याले म्हना दोन,
गठ्ठ्यामंदी जीव कोनाचा, वयखीन कोन.

लहानूनं माप सांगायचं आणि रुपरावनं खडूनं गठ्ठ्यावर खूण करायची, अशी जोडी जमली ती जमलीच. "चार वीत, दोन बोटं, अन् वजन माह्या सासूएवढं," लहानू ओरडायचा. "सासू केवढी गा तुही?" "उचलली नाई अजून. पन तिच्या पोरीकडे, आमच्या बायजीकडे पाहून अंदाज करतो." सारं गोदाम हसायचं.

गोदाम बंद पडलं तेव्हा दोघं बरोबरच शहराबाहेरच्या पार्सल-केंद्रात लागले. पत्र्याचं एवढं मोठं छप्पर, की त्याच्या एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन. आत पट्टा फिरतो. दिवसभर नदीसारखा वाहतो, पण पाण्याऐवजी खोके. मध्यावर एक लोखंडी कमान. खोका तिच्याखालून गेला की ती त्याला वरून पाहते, दोन्ही अंगांनी पाहते, बारकोड वाचते, लांबी-रुंदी-उंची घेते. वजन खालच्या पट्ट्यातच होतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत त्या खोक्यानं कोणत्या गावच्या गाडीत जायचं ते ठरलेलं असतं. ना वीत, ना बोट, ना गाणं.

"घे, गेली आपली विद्या," पहिल्या दिवशी लहानू म्हणाला होता. मग बराच वेळ कमानीकडे पाहत राहिला. "पन पोरगी हुशार आहे गा. एकदाच पाह्यते अन् विसरत नाई."

लहानूला त्या कमानीच्या काचा पुसायचं काम मिळालं. खोक्यांची धूळ काचेवर बसली की तिला दिसत नाही, म्हणून पाळी सुरू होताना एकदा आणि दुपारी एकदा पिवळ्या कपड्यानं काचा पुसायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यावर सही करायची. रुपरावच्या वाट्याला आली बाजूची जाळी. ज्या पार्सलाचा बारकोड फाटला, मुडपला, चकाकला, ते कमानीला ओळखू येत नाही. ते घसरगुंडीवरून जाळीत पडतं. रुपराव तिथं स्टुलावर बसतो, टेपनं मापतो, हातातल्या यंत्रानं वाचून पाहतो, नाहीच जमलं तर आकडे बोटानं टाकतो. यंत्राला न कळलेलं सगळं त्याच्या ओटीत.

आता पुन्हा दसरा आला होता, पंधरा दिवसांवर. जाळी सकाळपासून भरत होती. अकराच्या सुमारास घसरगुंडीवरून एक पार्सल आलं ते इतरांसारखं आपटलं नाही. मऊपणे येऊन त्याच्या पायाशी थांबलं. पांढऱ्या कपड्यात शिवलेलं होतं, पूर्वी लोक पोस्टात टाकायचे तसं. टाके बारीक आणि एकसारखे. बारकोडची चिठ्ठी कपड्यावर चिकटवली होती, ती नेमकी शिवणीवर मुडपली होती. कपड्यावर निळ्या पेननं पत्ता लिहिला होता. लहानूच्या पोरीचं, रोशनीचं नाव आणि पुण्यातलं एक नर्सिंगचं वसतिगृह. पिनकोड ओलीनं फुटून गेला होता. खाली पाठवणाऱ्याचं नाव: बायजाबाई लहानू.

रुपरावनं टेप काढली. मग ती ठेवून दिली आणि पार्सलावर वीत टाकली. दोन वीत, तीन बोटं. हातात तोललं. आत कापड होतं, घडी घातलेलं, फार हलकं.

मागचा दसरा.

त्या दिवशी सकाळी रुपरावनं घरून पुडीत कुंकू आणलं होतं, दोन झेंडूची फुलं, एक नारळ. दसऱ्याला अवजाराची पूजा करायची हे त्याच्या हाडात होतं. शेतात वखराची, गोदामात तराजूची, तशी इथं कमानीची. फुलं खांबाला बांधली. कुंकवाचं बोट मात्र त्यानं कमानीच्या काचेवर टेकवलं. जिथून ती पाहते, तिथंच टिळा लावायचा. तराजूलाही ते काट्यावरच लावायचे. एवढंसं बोट, मसुराएवढं.

लहानूची त्या दिवशी अर्ध्या पाळीची रजा होती. पांढराशुभ्र सदरा घालूनच आला होता. दुपारी तिथूनच बायको-पोरीला घेऊन दीक्षाभूमीवर जायचं होतं. सकाळचं पुसणं टिळ्याच्या आधीच करून झालेलं. निघताना त्यानं तक्त्यावर दुपारचीही सही करून टाकली आणि पिवळा कपडा रुपरावच्या खांद्यावर टाकला.

"दुपारची काच तेवढी पुसून देजो गा."

"जाय तू. पुसतो मी."

दुपारी रुपराव कपडा घेऊन कमानीपाशी गेला. हात वर केला. टिळा ताजा होता, फुलं अजून टवटवीत होती. सणाच्या दिवशी, आपल्याच हातानं लावलेलं कुंकू पुसायचं? घरातल्या बाईच्या कपाळाकडे हात न्यावा तसं त्याला झालं. संध्याकाळी पुसू, असं म्हणत त्यानं हात खाली घेतला. बाकीच्या काचा पुसल्या, ती एक ठेवली.

पट्ट्याच्या थरथरीनं कुंकू सुटलं. कोरडी पूड काचेवर उतरत गेली, धुळीत मिसळली. तासाभरात कमान बावचळली. वीतभर डबीची उंची हातभर सांगू लागली, बारकोड वाचेना, पार्सलं एकामागून एक जाळीत कोसळू लागली. जाळी भरली, घसरगुंडी भरली, पट्टा थांबला. सणाच्या गर्दीत दोन तास थांबला. गाड्या रिकाम्या उभ्या. सगळे जाळीकडे धावले, आणि त्या धावपळीत रुपराव एकटा कमानीपाशी गेला आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं त्यानं ती काच पुसून टाकली. जे दुपारी पुसवलं नव्हतं ते आता भीतीनं क्षणात पुसलं गेलं.

"काय होतं?" हर्षित साहेबांनी विचारलं. ते त्या केंद्राचे प्रमुख.

"घान होती साहेब. धूळ."

दुसऱ्या दिवशी तक्ता निघाला. दुपारी दोनची सही लहानूची, आणि लहानू फाटकातून बाहेर पडलेला एक वाजता. हर्षित साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काच पुसली नाही आणि सही केली?"

लहानूनं रुपरावकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, गळ्यातल्या दुपट्ट्याकडे. त्याच्या टोकाला लाल डाग होता. लहानू थोडा वेळ थांबला. तेवढ्या वेळात कुणाला दोन शब्द सहज बोलता आले असते. मग तो म्हणाला, "सही अगोदर केली साहेब, चुकलंच. काच राह्यली."

उद्या सांगू, असं रुपरावनं त्या दिवशी ठरवलं. उद्याचा परवा झाला. काम गेलेला लहानू इतवारीत ठेला ओढायला लागला, पन्नाशीच्या छातीनं. माघात एका सकाळी चढावर तो ठेल्याशीच बसला, आणि दवाखान्यात तिसरा दिवस त्यानं पाहिला नाही. रुपरावनं खांदा दिला. खांदा देतानाही तोंड उघडलं नाही.

पायाशी पार्सल होतं. नियम असा, की पत्ता लागला नाही तर तीन दिवस फळीवर ठेवायचं आणि मग जिथून आलं तिथं परत. रुपरावनं ते फळीवर ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली: चौकशी चालू.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळीच तो इंदोऱ्याच्या वस्तीत लहानूच्या घरी गेला. बायजाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याला पाहून तिनं सूप बाजूला केलं.

"या भाऊ. रस्ता आठवला म्हनाचा."

"तुमचं पार्सल अडकलं वहिनी. पिनकोड पुसट झाला. म्हटलं, इचारून घ्याव."

"नंबर होता ना त्याच्यावर माहा. तुमच्या कंपनीत फोन नाई का?"

रुपरावनं दारात चपला काढल्या. ती उठून आत गेली आणि काळा चहा घेऊन आली. भिंतीवर लहानूचा फोटो होता. ओठ असे, जणू 'लाभ' म्हणायला नुकतेच उघडले आहेत. रुपरावनं पाठ फोटोकडे करून बसायची जागा शोधली, पण खोली लहान होती.

"कपड्यात काहून शिवलं वहिनी? आता खोक्यात टाकतेत. शिवनीवर बारकोड मुडपला, मशीनले वाचता नाई आला."

"हे म्हनत, कपड्यात शिवलं की उघडनाऱ्याले टाका टाका तोडा लागते. तोडता तोडता पाठवनारा आठवते." ती हसली. "त्याहिले कुठं मालूम होतं, मधात मशीन उघडून पाहीन म्हनून."

"उघडत नाई ते. वरूनच पाह्यते."

"वरून पाहून काय कळते गा भाऊ?"

त्यानं चहाचा घोट घेतला. तो गरम होता, तरी घेतला.

"सदरा आहे त्याहिचा," बायजाबाई म्हणाली. "पांढरा. मागच्या दसऱ्याले घातला होता तो. रोशनीले यंदा सुट्टी नाई, येता नाई येत. म्हने, आई, बाबाचा सदरा पाठव, त्या दिवशी जवळ ठेवीन. आठ महिने तो मी पेटीत तळाशी दाबून ठेवला होता. धुतलाई नाई. राग होता माहा त्याच्यावर."

"सदऱ्यावर?"

"मंग कोनावर करू? ह्या सदऱ्याचीच घाई होती त्याहिले. मी तर रोज म्हनो, दोन मिनिटं थांबून काच पुसून आले असते तर दीक्षाभूमी काई पयून चालली होती का? बावीस वर्सं नाव काढलं मानसानं, अन् एका काचेसाठी खोटी सही करून आला."

"लहानू काय म्हने मंग?"

"काय म्हनन? हासे. 'राह्यली बायजे, काच राह्यली,' एवढंच." तिनं पदरानं चहाच्या कपाचा काठ पुसला. तो स्वच्छच होता. "दवाखान्यात त्याहिचा हात माह्या हातात होता. म्हटलं, काई चांगलं बोलाव. अन् माह्या तोंडून तेच निघालं पाहा. तुम्ही काच पुसली असती तर ठेला ओढा नसता लागला. त्याहिनं माह्याकडे पाह्यलं फक्त. सकाळी गेले. पोरीलेई मी तेच सांगतलं, तुह्या बापानं हयगय केली."

बाहेर कुणी सायकलवाला भंगार मागत गेला. रुपरावनं कप खाली ठेवला. तिनं एका कागदावर पिनकोड लिहून दिला, सहा आकडे, एकेक सुटा सुटा. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला. काम झालं होतं. तो उठला, दारात गेला, चपलेत पाय घातला.

"एक इचारू भाऊ?" मागून बायजाबाईचा आवाज आला. "तुमी होते ना तिथं. हे तर घरी भांडं विसळलेलंई पुन्हा पुसत. एवढी कायची घान होती गा त्या काचेवर?"

रुपराव चपलेत पाय तसाच ठेवून उभा राहिला. गळ्यात तोच दुपट्टा होता. कितीदा धुतला, तरी टोकाला फिकट गुलाबी राहिलंच होतं. फोटोतला लहानू, त्या दिवशी थांबला होता तसाच, थांबला होता. रुपरावनं पाय चपलेतून काढला, परत आत आला आणि बायजाबाईच्या समोर जमिनीवर बसला. दुपट्टा गळ्यातून काढून त्यानं दोघांच्या मध्ये ठेवला.

"घान नव्हती वहिनी. कुंकू होतं. दसऱ्याचं, मी लावलं होतं. दुपारची काच लहानूनं मले सांगतली होती पुसाले, अन् मी हो म्हटलं होतं. माह्याच्यानं ते कुंकू पुसवलं नाई. अन् पट्टा थांबला तवा कोनी पाहाच्या अगोदर ह्याच दुपट्ट्यानं पुसून टाकलं. लहानूनं हा डाग पाह्यला होता. मी बोलाव म्हनून तो थांबला होता, अन् मी बोललो नाई. त्याची नाई राह्यली वहिनी. काच माही राह्यली होती."