न तापवलेलं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक औषधाला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक माहेरची आणि एक सासरची. माहेर म्हणजे जंतू वाढवायचा स्वच्छ द्राव; तिथे कुठल्याही औषधाचं कौतुकच होतं. सासर म्हणजे खऱ्या जखमेतून पाझरलेलं पाणी. ही नावं कुणी पाडली ठाऊक नाही, पण आमचे प्रमुख असलेले सर सोडून सगळे तीच वापरतात.

आमचं औषध म्हणजे एक पेप्टाइड, प्रथिनाचा इवलासा तुकडा. आपलं शरीरही कातडीत असे तुकडे बनवतं. जंतू आला की ते त्याचं आवरण फोडतात आणि आसपासच्या पेशींना मदतीला बोलावतात. त्यातलाच एक उचलून आम्ही थोडा बदलला होता, आणि तो दोन्ही परीक्षांत अव्वल आला होता. सरांनी हॉस्पिटलशी बोलून तो रुग्णांवर वापरायची तयारी सुरू केली. पहिल्या रुग्णांच्या यादीत माझी मावशी होती.

मावशीने मला लहानाचं मोठं केलं, तेही लोकांचे कपडे शिवून. तिची कात्री आणि जीभ सारख्याच धारेची. साखरेच्या दुखण्यामुळे तिच्या पायाच्या अंगठ्याखाली झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. सर्जनबाई अंगठा काढू म्हणत होत्या आणि मावशी ऐकत नव्हती.

"माझी भाची औषध बनवतेय," ती त्यांना म्हणाली. "तोवर माझ्या पायाला हात लावायचा नाही. शिवणयंत्र काय कपाळाने चालवू?"

सर्जनबाईंच्या परवानगीने तिच्या जखमेच्या पट्ट्या मी प्रयोगशाळेत नेत असे. त्या पिळून निघालेलं पाणी हेच आमचं सासर. त्यात मुळातच जंतू असतात, म्हणून ते आधी चांगलं तापवून घ्यायचं, अशी आमची जुनी पद्धत. एका सोमवारी तापवायचं भांडं बिघडलं. दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसणं माझ्या रक्तात नाही. मी पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळलं. जंतू वर अडकले, बाकी सगळं खाली आलं. त्यात आमचं पेप्टाइड घातलं आणि मोजून जंतू सोडले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या गढूळ होत्या. जंतू मजेत वाढले होते, जणू औषध घातलंच नव्हतं. मी पुन्हा करून पाहिलं, तर तेच. मग डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ राग आला. जखमेच्या पाण्यात प्रथिनं कापणारी विकरं असतात. पाणी तापवलं की जंतूंबरोबर तीही निकामी होतात. खऱ्या जखमेत आमच्या तुकड्याचे पडल्या पडल्या आणखी तुकडे होणार होते. इतके दिवस आम्ही सासूचे दात काढून सून किती खमकी आहे ते बघत होतो.

सरांनी नळ्यांकडे नीट पाहिलंही नाही.

"पद्धत मोडली की असंच होणार. भांडं दुरुस्त झालंय. तापवून पुन्हा करा."

"माझ्या मावशीचा पाय कुणी तापवून देणार आहे का, सर?"

"हे बघा, उद्याच्या बैठकीत हा विषय नको. सगळ्यांची मेहनत आहे यात."

"माझीही आहे," मी म्हटलं आणि नळ्या उचलून निघाले. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करण्यात वेळ घालवायची मला सवय नाही.

बैठकीत मी सर्जनबाईंसमोर दोन नळ्या ठेवल्या. एकीत तापवलेलं पाणी होतं, दुसरीत गाळलेलं. पहिली स्वच्छ होती, दुसरी गढूळ. जखम कोणत्या नळीसारखी असते, एवढंच त्यांनी विचारलं. मी गढूळ नळीवर बोट ठेवलं. त्यांनी समोरचे कागद मिटले आणि औषध रुग्णांना द्यायचं नाही, असं सांगितलं.

बाहेर आल्यावर सरांनी मला गाठलं. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात तुम्ही."

"माझ्या पायावर मारला, सर. नाहीतर मावशीच्या पायावर पडला असता."

बोलताना मी ताठ होते. हॉस्पिटलच्या जिन्यात मात्र मी मधेच थांबले. ज्या बाईने माझ्या भरवशावर अंगठा राखून ठेवला होता, तिला आता काय सांगायचं?

मी सगळं सांगितलं.

"तापवून बघत होता?" मावशी म्हणाली. "माझी जखम म्हणजे काय चहा आहे?"

"चुकलं आमचं."

"आणि आता अंगठा?"

"काढावा लागेल. आणखी थांबलीस तर पाय जाईल."

तिने पांघरूण सारून पायाकडे पाहिलं. "मग उद्याच काढा म्हणावं. जायचाच आहे तर रुबाबात जाऊ दे."

मला रडू फुटलं. माझा, सरांचा, त्या भांड्याचा, सगळ्यांचा राग डोळ्यांतून वाहायला लागला.

"तू कशाला रडतेस?" मावशी म्हणाली. "अंगठा माझा जाणार आहे. तू तुझं काम कर."

अंगठा गेला, पाय राहिला. सरांनी मला कामावरून काढलं नाही, कारण आता करायचं काम मलाच येत होतं. विकरांना कापता येणार नाही असा तुकडा मी घडवायला घेतला. पहिला फसला, दुसराही फसला. सर रोज सुस्कारे टाकतात आणि मी रोज नळ्या मांडते.

काल मावशीला भेटायला गेले, तेव्हा नर्स तिची पट्टी बदलत होती. कापलेल्या जागी अजून थोडं पाझरत होतं. मी दारातच थांबले. नर्सने जुनी पट्टी टोपलीत टाकायला हात पुढे केला, तशी मावशीने तिचं मनगट धरलं.

"टाकू नकोस. माझ्या भाचीला लागते ती," मावशी म्हणाली. "आणि तिथल्या लोकांना म्हणावं, तापवलीत तर याद राखा."