माणिकबाईची मेथी

"अम्मा, हट जाइए!" जेसीबीवाला ओरडला, तशी माणिकबाई मेथीच्या वाफ्यात आणखीच पाय रोवून उभी राहिली.

"न्हाई हटत! आधी सांग, कुणी धाडलं तुला?"

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरामागचा तो रिकामा प्लॉट. नवरा वारल्यावर नेवाशाची माणिकबाई लेकापाशी इथं आली, तेव्हा तिथं नुसता राडारोडा होता. तिनं विटांचे तुकडे वेचले, शेणखत आणलं, मेथी लावली, कडेनं लसूण. जमीन सरकारी, कधी ना कधी उठावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. पण सकाळचं धुकं विरलं की ओली माती पायांना लागायची, अन् परक्या मुलखात आपलं माणूस भेटल्यागत व्हायचं.

जेसीबीवाला जयसिंग खाली उतरला. "कंप्लेंट आपके ही घर से गई है, अम्मा. अभय साहब ने की है."

माणिकबाईच्या हातातला विळा गळाला. पोटचं पोर! सकाळी याच मेथीची भाजी डब्यात नेली होती त्यानं.

जयसिंगनं तिच्याकडं पाहिलं अन् इंजिन बंद केलं. "काट लीजिए आराम से. मैं चाय पीकर आता हूँ."

संध्याकाळी अभय बँकेतून आला, तर ओसरीवर मेथीचा ढीग अन् शेजारी आई.

"तोंडानं सांगायचं व्हतं लेका. माझ्या हातानं उपटली असती."

"तू ऐकलं नसतंस, आई. बँकेतले लोक घरी येतात. तुला मागं खुरपताना बघून विचारतात, ही कामवाली का?"

"मग काय सांगितलंस त्यांला?"

अभय वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. माणिकबाई समजली, लेकानं होच म्हटलं होतं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रोज जेवणाआधी अभयच तिला बायबल वाचून दाखवायचा. त्या दिवशी याकोबाचा अध्याय आला. आंधळ्या बापाला फसवून तो पळाला, उघड्यावर दगड उशाला घेऊन निजला, अन् जागा झाल्यावर म्हणाला, देव इथंच होता, मला कळलंच नाही. तिथंच अभयनं बायबल मिटलं.

"फसवणाऱ्याला देव भेटला," माणिकबाई म्हणाली. "आन् त्या म्हाताऱ्या बापाला कोण भेटलं रं?"

ती मेथी निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्या डायवरनं मशीन बंद केली ना, तवा देव व्हता तिथं. मी रागात व्हते. मला दिसला न्हाई."

"आई, माफ कर."

"करीन. रोज प्रार्थनेत तेच तर म्हणते. पण आज व्हत न्हाई माझ्याच्यानं." तिनं त्याच्या हातातून बायबल काढून घेतलं अन् सुनेपुढं धरलं. "नीलम, उद्यापासनं तू वाच."

नीलम लखनौतच वाढलेली. गांगरून म्हणाली, "मम्मी, मेरी मराठी तो..."

"अडखळत वाच. मी ऐकीन."

दुसऱ्या संध्याकाळी नीलम एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. अभय दाराशी येऊन उभा राहिला. माणिकबाईनं त्याला बस म्हटलं नाही. जा, असंही म्हटलं नाही.