दरीच्या बाजूची खिडकी

सहलीच्या बसमध्ये नियम होता : रोज सगळ्यांनी एक रांग पुढं सरकायचं, बाजू मात्र बदलायची नाही. आमच्या वाट्याला डावी बाजू आली. गुजरातकडं जाताना पेठच्या घाटात दरी होती उजवीकडं, आणि त्या दरीत माझ्या बायकोचं, यशोदाचं, लहानपण होतं. तिचे वडील फॉरेस्ट गार्ड होते. तिथल्या चौकीत ती वाढली. बसमधून तिला दिसली ती पलीकडच्या लोकांची डोकी आणि हलणारे पडदे. परतताना बस दुसऱ्याच रस्त्यानं आली.

"तुम्ही कुणाकडं तरी जागा मागायची होती हो," घरी आल्यावर ती म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही. पण पेठकडं जाणारी एसटी दिसली, की तिची मान वळायची.

चार वर्षांनी, दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर, मी शेजारच्या चंदरची व्हॅन ठरवली. तो सातपूरला कारखान्यात असतो, सुट्टीला गाडी चालवतो. दोघांसाठी अख्खी गाडी म्हणजे चैन होतेय का, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"कुठं थांबायचं, काका?"

"तुमच्या सोयीनं."

"माझ्या सोयीनं? मग मी घरी झोपतो की!"

यशोदा हसली.

घाटात पहिल्या वळणावर नुसते साग. दुसऱ्यावरही तेच. ती काचेला नाक लावून बसली होती.

"मागचंच असंल, काकू," म्हणत चंदरनं गाडी वळवली. मागून आलेली टुरिस्ट बस हॉर्न देत गेली. "जाऊ द्या. त्यांना जेवायला पोचायचंय."

असं तीनदा वरखाली झालं. माझी उमेद संपत आली होती. पुस्तकातलं पान सापडत नाही तेव्हा मी पुस्तक मिटतो. तिनं काच उघडली.

"इथंच."

आम्ही कठड्याशी उभे राहिलो. मला झाडंच दिसत होती.

"चौकी कुठं?"

"पडली असेल. ओढा बघा ना, कसा वळलाय. तिथं आई धुणं धुवायची." मग हळूच, "खाली वाट असेल का हो?"

"हाय की," चंदर म्हणाला, "पण काकू, गुडघे?"

तिनं गुडघ्यांकडं पाहिलं, मग पुन्हा खाली. बराच वेळ कुणी घाई केली नाही. शेवटी तीच गाडीकडं वळली.

परतताना दरी डावीकडं आली.

"अहो, सरका तिकडं," ती म्हणाली.

मी सरकलो. घाट संपून सपाट शेतं लागली, तरी ती खिडकीतून मागंच बघत होती.