हँडलचा कंदील

वारा फिरला तेव्हा दानेश्वरीची होडी पाण्याच्या मध्यावर होती. सूर्य नुकताच मावळला होता. पश्चिमेकडे ढगांची कड अजून तांबूस होती. डोक्यावरचे आभाळ मात्र काळे झाले होते, आणि दुपारभर निपचित पडलेल्या पाण्यावर आता पांढऱ्या रेघा उठू लागल्या होत्या.

काठावर आम्ही तिघे होतो: गुरुशांत, त्याची मेहुणी अक्षता आणि मी. गुरुशांतचे सोलापुरात चादरींचे दुकान आहे. अलीकडे त्याने दुकानाच्या एका बाजूला तंबू आणि मुक्कामाचे इतर सामान ठेवायला सुरुवात केली होती. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या अंगाला, हा मुक्काम त्यानेच ठरवला होता. दानेश्वरी त्याची बायको. तिला उतरत्या उजेडात पक्ष्यांचे फोटो हवे होते, म्हणून ती जोतिराम नावाच्या मच्छीमाराबरोबर समोरच्या बेटापर्यंत गेली होती. तिला पोहता येत नाही. तिचे केशरी जाकीट तंबूच्या दोरीवर लटकत होते. उकडते म्हणून तिने ते निघतानाच काढून ठेवले होते.

मी तिथे असण्याचे कारण वेगळे होते. मी पूर्वी भौतिकशास्त्र शिकवत असे. आता एका विज्ञानमंडळाच्या मासिकात जाहिरातींतले दावे तपासून त्यांवर लिहिते. गुरुशांतने हँडल फिरवून पेटणारे तीन कंदील आणले होते, आणि ते मुक्कामाला उपयोगी आहेत असे मी छापावे, अशी त्याची इच्छा होती. वापरून पाहीन आणि दिसेल ते लिहीन, एवढेच मी कबूल केले होते.

"सेल नको, चार्जिंग नको. हात हाय तवर उजेड हाय की, मॅडम!" असे तो दुपारभर म्हणत होता.

"आणि हात दमल्यावर?"

"तुमचा दमत आसंल."

परीक्षा खरी व्हावी म्हणून त्याने सगळ्यांचे मोबाईल आणि एकुलती एक विजेरी पत्र्याच्या पेटीत घालून पेटी जीपमध्ये ठेवली होती. ती जीप घेऊन त्याचा चुलतभाऊ सिद्धाराम केमच्या स्टेशनवर गेला होता. संध्याकाळच्या गाडीने आणखी दोघे यायचे होते. विजेरी तरी बाहेर ठेवा, असे मी सुचवले होते. "मॅडम, मग ती परीक्षा कसली?" असे त्याने विचारले. प्रयोगाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर होते.

वळवाचे चार टपोरे थेंब आले आणि सरपण भिजले. गॅसची शेगडी वाऱ्यात पेटेना. अंधार भराभर दाटत गेला. काठावर उजेडाचे साधन उरले ते म्हणजे दोन कंदील. तिसरा दानेश्वरीने बरोबर नेला होता.

या कंदिलाची रचना साधी असते. हँडल फिरवले की आतले छोटे जनित्र वीज तयार करते, ती एका लहानशा बॅटरीत साठते आणि हात थांबला तरी दिवा काही वेळ चालू राहतो. निदान तशी अपेक्षा असते. गुरुशांतचे कंदील कुठल्याशा गोदामात फार काळ पडून राहिले असावेत. बॅटऱ्या वीज धरतच नव्हत्या. हात थांबला की दिवा मिणमिणत जाई आणि लगेच विझे. दुपारी ही मला नोंदण्याजोगी गोष्ट वाटली होती. आता ती भीतीची गोष्ट झाली.

"ते बघा!" अक्षता ओरडली.

लांब पाण्यावर एक पांढरा ठिपका उजळला. थोडा वेळ राहिला. मग विझला.

"बुडाली!" गुरुशांत म्हणाला.

"दिवा विझला आहे. तिचा हात थांबला, एवढाच त्याचा अर्थ."

"कशावरून?"

"पुन्हा लागेल. थांबा."

ठिपका पुन्हा लागला. माझे म्हणणे बरोबर ठरले होते, आणि त्याचा कोणालाही दिलासा वाटला नाही; कारण तो पुढच्या वेळी विझला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मे महिन्यात फुगवट्याचे पाणी मागे सरकते आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून तो तडकलेला दिसतो, पण पाय ठेवला तर माणूस कमरेपर्यंत आत जातो. आमचा तंबू जिथे होता तेवढाच पट्टा मुरमाचा होता. होडी लागायची तर तिथेच. दक्षिणेला धरणात बुडालेल्या एका वस्तीच्या दगडी भिंती पाणी ओसरल्यामुळे जेमतेम पृष्ठभागाशी आल्या होत्या. अंधारात आणि लाटांत होडी त्या भिंतींवर गेली असती तर तिचे काय झाले असते, हे समजायला भौतिकशास्त्र लागत नव्हते.

गुरुशांतने कंदील डोक्यावर धरला आणि हँडल जीव खाऊन फिरवू लागला. दिवा लख्ख पेटला, हात ढिला पडताच मंदावला, त्याने पुन्हा जोर लावला की पुन्हा लख्ख झाला. पाण्यावरचा ठिपका काही वेळ आमच्या दिशेने मोठा होत आला. मग तो डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सरकू लागला.

"भावजी, ते तिकडं का चाललेत? आपला दिवा दिसंना का त्यांना?"

"दाने! ए दाने! हिकडं!" गुरुशांत ओरडला. वाऱ्याने ते शब्द आमच्याच मागे फेकले.

मी ठिपक्याकडे पाहत राहिले. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे होडीकडून आमच्याकडे येणारा. होडी नुसती वाहत असती तर ती सरळ आमच्याकडे यायला हवी होती. ती वाऱ्याला आडवी जात होती. याचा अर्थ वल्ही चालू होती. जोतिराम शाबूत होता, आणि तो होडी मुद्दाम आमच्यापासून दूर नेत होता. पाण्यात जन्म घालवलेला माणूस वादळात उजेडापासून दूर का जाईल?

उत्तर उत्तरेकडच्या पाण्यावर लुकलुकत होते. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतात आणि ती कळावीत म्हणून रिकाम्या बाटलीला बाजारात मिळणारा लुकलुकता दिवा बांधून सोडतात. तो दिसला की दुसरा मच्छीमार वळसा घालतो. एक म्हणजे दुसऱ्याचे जाळे फाडायचे नाही हा रिवाज, आणि दुसरे म्हणजे जाळ्यात वल्हे अडकले तर होडी जागच्या जागी आडवी होते. तसे तीन दिवे मला दिसत होते. आमचा चौथा.

"गुरुशांत, आपला दिवा कमीजास्त होतो आहे. त्याला ते जाळं वाटत असणार."

त्याचा हात थांबला. "म्हंजे आमीच तिला हाकलतोय?"

"बहुधा."

"बहुधा काय, मॅडम? व्हय का न्हाय ते सांगा की!"

"ते आत्ता सांगता येणार नाही. उजेड स्थिर करून पाहायचा. होडी वळली तर होय."

"आन् न्हाई वळली तर?"

मी दुसरा कंदील जवळ ओढला.

त्याने कंदील उचलला आणि तो दक्षिणेकडे चालू लागला. भिंतींच्या जवळ जाऊन उभा राहतो, म्हणाला. अक्षताने त्याचा शर्ट मागून धरला. "तिकडं गाळ हाय भावजी, अक्काच्या आदी तुमीच जाल!"

"सोड!"

"दोन्ही कंदील इथंच हवेत," मी म्हणाले. "एका कंदिलाचा उजेड हलणारच, हात वर जाताना जोर कमी पडतो, खाली येताना वाढतो. दोन शेजारी ठेवू. एकाचा हात वर असेल तेव्हा दुसऱ्याचा खाली. एक मंद होईल तेव्हा दुसरा भरून काढेल."

"ह्ये तुमी कदी करून बघितलंय?"

"नाही."

आधार नसलेले विधान मी कधी करत नाही, असा माझा लौकिक होता. आणि मी त्याला बायकोच्या जिवावर एक न तपासलेली कल्पना आजमावायला सांगत होते. तो परत आला. माझ्यावर विश्वास होता म्हणून आला असे मला वाटत नाही. गाळात उभे राहून काही होणार नाही, हे त्यालाही कळत असावे.

पाण्याचे पिंप पालथे घालून आम्ही त्यावर दोन्ही कंदील टेकवले. गुरुशांत एकीकडे, अक्षता दुसरीकडे. मी पाण्याकडे पाठ केली. उजेड स्थिर आहे की नाही हे कंदिलाकडे पाहून कळत नाही, डोळे दिपतात. तंबूच्या कापडावर पडलेल्या उजेडावरून कळते. माझ्याजवळ तेवढेच उपकरण होते.

कापडावरचा उजेड जोरजोरात धडधडत होता. दोघांचे हात नकळत एकाच तालात पडत होते; शेजारी शेजारी काम करणाऱ्या माणसांचे तसे होते. मी सांगितले, ती वेगळी झाली, आणि थोड्याच वेळात पुन्हा एक झाली.

"असं न्हाई जमायचं," अक्षता म्हणाली. "भावजी, नंदीध्वजाचा सराव आठवा की. हर्र म्हणा तुमी. बोला मी म्हणते."

सिद्धेश्वराच्या जत्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांत गुरुशांत असतो. त्या अजस्र काठीचा तोल पावलांच्या लयीवर राहतो, आणि लय 'हर्र बोला' या घोषावर.

"हर्र," गुरुशांत म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"बोला," अक्षता.

"हर्र."

"बोला."

कापडावरची धडधड कमी होत गेली. मग ती थरथर झाली. मग, अगदी बारकाईने पाहिले तरच कळेल, इतकी उरली.

"असंच," मी म्हणाले. "अक्षता, होडी?"

"दिसंना." तिचे तोंड पाण्याकडे होते. "बोला. दिवाच दिसंना अक्काचा. बोला."

"फिरवत राहा."

"लई वेळ झाला, मॅडम."

मलाही ते कळत होते. या वेळी मी कोणाला काही समजावले नाही. ठिपका न दिसण्याची दोन कारणे होती, आणि त्यांतले कोणते खरे हे मला ठाऊक नव्हते.

मग वाऱ्यावरून हाक आली. पुरुषाचा आवाज, लांबून, पण स्पष्ट. "कुणाचं जाळं हाय रं त्ये? का मानूस हाय?"

गुरुशांत ताडकन उठला. "माणूस! माणूस हाय! जोतिराम, हिकडं!" त्याचा हात हँडलवरून सुटला होता. कापडावरचा उजेड गचकन अर्ध्यावर आला आणि अक्षताच्या हाताबरोबर वरखाली होऊ लागला.

वाऱ्याविरुद्ध त्याचा आवाज तिकडे पोहोचणे शक्य नव्हते. जोतिरामचा आमच्यापर्यंत पोहोचला: "जाळंच हाय, ताई. भाईरनं घिऊ."

"भावजी, फिरवा!" अक्षता किंचाळली.

तो धपकन गुडघ्यांवर बसला. हँडल हाताला लागेना, लागले तर लय जमेना. "हर्र," तो म्हणाला, "हर्र, हर्र," आणि त्याचा हात तिच्याच तालात पडत राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून लय दिली. मला त्या घोषाचा सराव नव्हता. तरी मीही "हर्र" म्हणत होते. कापडावरचा उजेड स्थिर झाला. अक्षताचा हात दमला तेव्हा तिच्या हाताखाली हात घालून मी हँडल घेतले, मध्ये एकही फेरा न चुकवता. ती पाण्याच्या कडेला धावली. आता कापडाकडे पाहायला कोणी नव्हते. उजेड स्थिर आहे, असे गृहीत धरून आम्ही फिरवत राहिलो.

मुरमावर काहीतरी खरवडले गेले.

होडीचे नाक उजेडात आले. तिच्या तळाशी घोट्याच्या वर पाणी होते. जोतिराम वल्हे टाकून उडी मारून उतरला आणि त्याने दानेश्वरीला बखोटीला धरून बाहेर घेतले. ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली होती, आणि तिच्या हातात डब्याचे झाकण होते.

"दिवा का लावला न्हाईस?" गुरुशांत ओरडला. बोलायला त्याला दुसरे काही सापडले नसावे. त्याचा हात अजून फिरत होता. "आमी हितं मेलो की!"

"दिवा फिरवू का पाणी उपसू?" दानेश्वरी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "एक हात होडीला धरायला लागतोय. एक झाकणाला. तुमचा दिवा काय पायानं फिरवू? सांगा की!"

ती त्याच्यासमोर बसली आणि हँडलवरची त्याची बोटे एकेक करून सोडवू लागली. ती उघडत नव्हती, आखडली होती. शेवटचे बोट सुटले तसा त्याचा कंदील विझला. मीही माझा हात थांबवला, आणि क्षणात काहीच दिसेनासे झाले. अंधारात कोणीतरी हुंदका दिला. अक्षता असेल, गुरुशांतही असेल.

"नुस्ता पांडरा दिवा, लुकलुकतोय," जोतिराम कोणाला उद्देशून नव्हे असा बोलत होता. "म्हनलं कुनीतरी नवं जाळं टाकलंय. मग थांबला लुकलुकायचा. मग पुन्ना लुकलुकला. डोकंच चालंना." तो थांबला. पाण्यात त्याच्या पायांचा आवाज झाला. "लाट होडी वढून नील. आदी ती वर घ्या. मग रडा काय रडायचं ते."

आम्ही चाचपडत पाण्यात उतरलो, होडीची कड हाताला लागली तिथे धरली, आणि पाचही जण ती ओढू लागलो.