वसुधाच्या बोटावरचं कुंकू

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही हात भाजून घेत दुपारभर तिळाचे लाडू वळलेत आणि ते घेऊन कुणाकडे गेलात.

लखनऊ छावनीतली वसुधा एका संक्रांतीला चंद्रप्रभाकाकूंकडे हळदीकुंकवाला अशीच गेली. तिच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग होते. कोडात कातडीचा रंग जातो, पण ते शिवण्याने कुणाला होत नाही. डॉक्टरांचं हे सांगणं वसुधाच्या आईने काकूंच्याही कानावर घातलं होतं.

तरी काकूंनी इतर मुलींचे लाडू हातात घेतले आणि वसुधाला म्हणाल्या, "बेटा, तू टेबलावर ठेव." कुंकूही त्यांनी तिच्या कपाळाला बोट न लावता वरूनच टाकलं. ते नाकावर सांडलं.

थोड्या वेळाने वसुधा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिचे लाडू खरकट्याच्या बादलीत, चहाच्या चोथ्यात भिजत पडले होते. काकू साबणाने हात चोळत मोलकरणीला सांगत होत्या, "छूना मत, लग जाएगा." म्हणजे, शिवू नकोस, तुलाही होईल.

त्या बादलीपेक्षा वसुधाला काकूंच्या हात चोळण्याचीच जास्त किळस आली.

निघताना पाहुणीनेही घरच्या बाईला कुंकू लावायचं, अशी आपल्याकडची रीत. आणि समोर आलेल्या कुंकवाला सवाष्ण नाही म्हणत नाही. वसुधाने सगळ्या बायकांसमोर करंडा उचलला. "काकू, जरा वाका ना," ती म्हणाली, आणि आपलं पांढरं बोट कुंकवात बुडवून तिने ते काकूंच्या कपाळावर सावकाश टेकवलं.