आठ मिलिमीटर

तिने स्टँडचा स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला, गुण्या लावला आणि वाफेचं मशीन सरळ उभं असल्याची खात्री करून घेतली. बटण दाबताच बारीक पांढरी वाफ निघाली. तिने फॉर्मवर लिहिलं : चाचणी दोनशे बारा, पास.

दोनशे बाराही चाचण्या अशाच, उभ्यानेच. स्टँडच्या मागे एक खिटी होती. ती सैल केली की मशीन हवं तेवढं कलतं करता यायचं. सहा महिन्यांत तिने त्या खिटीला बोट लावलं नव्हतं. कागदावर ‘उभं धरून’ असं लिहिलंय ना? मग उभं धरून. सांगितलं तेवढंच करण्यात काय गोडी असते, हे तिला आत्ता कुठे कळायला लागलं होतं.

दम्याच्या पेशंटांसाठीच्या या मशीनचं मूळ डिझाइन तिचंच. औषधाच्या वाटीला लागून केसाहून बारीक भोकांची एक चकती असते. ती थरथरली की औषधाची वाफ होते. पण औषध चकतीला टेकलेलं हवं. म्हणून तिने वाटी खोल आणि उतरती केली होती. माणूस आडवा पडून वाफ घेऊ लागला तरी औषध चकतीकडेच येणार. त्यापायी जाडी आठ मिलिमीटरनी वाढली, आणि ते आठ मिलिमीटर तिच्या साहेबांच्या डोळ्यांत सलू लागले. ‘शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे,’ हा त्यांचा एकच धोशा. अख्खं ऑफिस त्यांना पाठीमागे पातळराव म्हणायचं.

“कलतं धरलं तर बंद पडेल,” ती भर मीटिंगमध्ये म्हणाली होती.

“कलतं धरतंय कोण? बाई, तुम्ही आपल्या चाचणीच्या खोलीतच शोभाल.”

दहा माणसं खो खो हसली होती. वाटी उथळ झाली, नव्या आराखड्यावर पातळरावांची एकट्याची सही आली आणि तिची रवानगी खरोखरच चाचणीच्या खोलीत झाली. तेव्हापासून ती मिठाची गुळणी धरून होती. या माणसाची एकदा चारचौघांत अशी जिरवायची, की पुन्हा कुणाला हसायचं धाडस होऊ नये!

तो दिवस आज उजाडला होता. हॉस्पिटलांची खरेदी बघणाऱ्या बाई यायच्या होत्या, अख्ख्या ऑफिससमोर त्यांना मशीन दाखवायचं होतं. “घरचाच पेशंट आणतोय, बाबांना,” असं पातळरावांनी कालच ऐटीत सांगितलं होतं. ते ऐकून तिच्या मनात क्षणभर चलबिचल झाली. मग तिने तिचं जुनं, जाडं मशीन कपाटातून काढलं, त्यात बाबांसाठी आणून ठेवलेलंच औषध भरलं, झाकण लावलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं.

बाबा दोन जिने चढून आले तेच धापा टाकत. पातळरावांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, हातात चपटं मशीन दिलं आणि ते खरेदीच्या बाईंकडे वळले.

“बघा, किती सुटसुटीत! खिशात घातलं तरी कळणार नाही.”

दोन-तीन श्वास वाफ नीट आली. मग म्हाताऱ्याची पाठ सोफ्याला टेकली, मान मागे गेली, हातही कलला. वाफ विरळ झाली आणि थांबली.

तिचा हात खिशात गेला. आत्ता? छे, इतक्यात नको. पातळरावांनी मशीन झटकलं, टिचकी मारली, बटण पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला. अस्सं! येऊ दे अजून. ती दाराजवळ उभी राहून म्हाताऱ्याचे श्वास मोजत होती, चाचणीच्या खोलीत आकडे मोजायची तशीच.

“बाबा, सरळ बसा ना जरा!”

“सरळ बसता आलं असतं,” म्हातारा कसाबसा म्हणाला, “तर वाफ कशाला लागली असती?”

खरेदीच्या बाई ताडकन उठल्या. तेव्हा ती पुढे झाली. जाडं मशीन म्हाताऱ्याच्या तोंडाला लावलं. तो तसाच मागे रेललेला होता, पण वाफ भरभरून निघाली. हळूहळू त्याच्या मानेच्या शिरा सैल झाल्या.

“हे कुणी केलंय?” बाईंनी विचारलं.

पातळरावांनी जमिनीकडे पाहिलं. “यांनी. मूळ डिझाइन यांचंच आहे.”

सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने! सहा महिने ती याच वाक्यासाठी जगली होती. तिला वाटलं, आता मोठ्याने हसावं, त्या दहा जणांसारखं.

बाकीची मंडळी आतल्या खोलीत गेली. म्हाताऱ्याची वाफ संपेपर्यंत ती शेजारी बसून राहिली. त्याने मशीन हातात उलटसुलट करून पाहिलं.

“चांगलं केलंयस, पोरी. पोराने माझ्या तुला छळलेलं दिसतंय.”

तिने ॲप्रनच्या खिशावरची सुरकुती सरळ केली.

“वाफ थांबली तेव्हापासून तुझा हात खिशात होता. इथून दिसत होतं मला.”

तिने हात मांडीवर घट्ट धरले. म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“डॉक्टरांनी सांगितलंय, घाबरायला झालं की श्वास मोजायचे. तूही मोजत होतीस. ओठ हलत होते तुझे.” तो थांबला. “किती झाले?”

“अकरा,” ती म्हणाली.

“मी नवापर्यंत मोजले. पुढचे मोजायचं भान राहिलं नाही.”

आतून पातळरावांनी हाक मारली, “या ना, तुमच्यासाठीच थांबलोय सगळे.”

तिने म्हाताऱ्याच्या हातातलं मशीन घेतलं आणि पुसायला लागली. हाक दुसऱ्यांदा आली, तरी ती पुसतच होती.