इंजिनातला शेंगदाणा

बसमध्ये चढता चढता सासूबाई, म्हणजे बू वारसिती, एकच गोष्ट सांगून गेल्या. गाडी दार्सोकडे ने, ऑइल बदलून आण, बाकी कशाला हात लावू नको.

"सोमवारपासून तुझी पार्सलची नोकरी," बू वारसिती म्हणाल्या. "गाडी मागतोयस. रविवारी परत आले की बघते. नीट चालत असली तर ने. नसली तर त्या ऑफिसवाल्यांना विचार, सायकल चालते का म्हणून."

"होय बू," यित्नो म्हणाला.

लग्न झाल्यापासून आठ महिन्यांत त्या घरात तो दुसरं काही बोललाच नव्हता. घरजावई, आणि त्यात बेकार. अशा माणसाकडे शब्द कितीसे असणार? त्याची बायको निंग त्याच बसमध्ये खिडकीशी बसली होती. गावातल्या सगळ्या बायका दोन दिवस संतांच्या कबरींच्या दर्शनाला निघाल्या होत्या. बस हलली तशी निंगने काचेतून त्याला एक बोट दाखवलं. म्हणजे, नीट वाग.

घरात गाडी एकच. पंधरा वर्षांची, एकशे दहा सीसी, मागे बांबूच्या दोन टोपल्या. केळीच्या पानात बांधलेला सासूबाईंचा टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, रोज पहाटे त्या टोपल्यांतून बाजारात जायचा. आणि पार्सल ऑफिसच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, स्वतःची दुचाकी असल्याशिवाय येऊ नये.

शनिवारी दार्सोचं वर्कशॉप बंद होतं, भाच्याची सुंता होती. रविवारी सकाळी यित्नोने गाडी अंगणात काढली आणि टोपल्या सोडवल्या. तेवढ्यात सासरे बाहेर आले. पाक कासन म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. हातात कॉफीचा ग्लास, शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे.

"कुठं निघालास, ले?" पोराला हाक मारावी तसं त्यांनी विचारलं.

"दार्सोकडे, पाक. ऑइल बदलायला."

"त्यात दार्सो कशाला लागतो?" पाक कासन चाकापाशी उकिडवे बसले आणि इंजिनावर टिचकी मारून बघितली, नारळ बघतात तशी. "आपण दोघं आहोत की घरी. करू आपणच. येतं ना तुला?"

आता इथं खरं उत्तर होतं, नाही. यित्नोने आयुष्यात सायकलच्या ट्यूबपलीकडे काही उघडलं नव्हतं. पण आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'नाही' कोण म्हणतं? त्यातून सासरा. 'होय' म्हणायचं आणि पुढचं पुढं बघायचं, अशीच सगळ्यांची रीत.

"होय, पाक," यित्नो म्हणाला.

"वाटलंच मला. सेमारांगमध्ये वाढलास, शहरातली पोरं असतातच तयार."

यित्नोच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. म्हातारा एवढ्या ठसक्यात बोलतोय म्हणजे याला सगळं येत असणार. आपण पाना द्यायचा, बोल्ट धरायचा आणि बघून शिकायचं.

पाक कासन आतून हत्यारं घेऊन आले. दोन पाने, एक पक्कड आणि नारळ सोलायचा कोयता. कोयता कशाला, हे यित्नोने विचारलं नाही.

"कर सुरू," ते म्हणाले.

"तुम्ही करा ना, पाक."

"छे, तू कर. मी बघतो."

"तुमच्यासमोर मी कसा?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी यित्नो आडवा झाला आणि इंजिनाखाली त्याला तीन बोल्ट दिसले. त्यातला कुठला, ते त्याने नजरेनेच सासऱ्याला विचारलं. पाक कासननी हनुवटी थोडी हलवली. ती खरं तर माशी हाकलायला हलवली होती. यित्नोने सगळ्यात मोठा फिरवला.

तो ऑइल गाळायच्या जाळीचा होता. आत स्प्रिंग असते. बोल्ट सुटला तशी स्प्रिंग बाहेर उडाली, जाळी तिच्या मागोमाग, आणि काळं ऑइल थेट यित्नोच्या कोपरापर्यंत.

"भांडं, पाक, भांडं."

जवळ भांडं नव्हतं. पाक कासननी खुंटीवरचं स्वतःचं हेल्मेट काढून उलटं खाली धरलं. वारा खेळायला त्या हेल्मेटला वर भोकं होती, हे दोघांनाही ऑइल पाक कासनच्या पायावर टपकायला लागल्यावर आठवलं.

"असंच असतं," पाक कासन पाय झाडत म्हणाले. स्प्रिंग उचलून त्यांनी खिशात टाकली, शेंगदाण्यांच्या खिशात.

ऑइल थेंब थेंब व्हायला लागलं, पण पाक कासनचं समाधान होईना. कालव्याचं जसं, तसंच हेही, तळाशी गाळ राहतो म्हणाले. गाडी आडवी केल्याशिवाय सगळं निथळायचं नाही.

"आडवी, पाक?"

"का, करत नाहीत?"

यित्नोने एक क्षण विचार केला. करत नसतील तर म्हाताऱ्याने विचारलंच कशाला असतं? "करतात की, पाक."

दोघांनी भात वाळवायची चटई अंथरली आणि गाडी तिच्यावर कुशीवर निजवली, बाळंतीण निजवावी तशी. पेट्रोल टाकीच्या झाकणातून गळायला लागलं, तर तिथं चिंधी कोंबली. आता एवढी आडवी केलीच आहे तर प्लग काढून पुसू, हे कोण पहिलं म्हणालं यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. पण प्लग निघाला. प्लगचं भोक आभाळाकडे तोंड करून उघडं राहिलं. पाक कासन आत बघायला वाकले आणि खिसा कलंडला.

अंगणात शेंगदाणे सांडले. एक थेट भोकात.

टप्प असा बारीक आवाज आला.

शेजारचा कोंबडा येऊन खालचे शेंगदाणे टिपायला लागला.

"गेला का आत?" पाक कासननी विचारलं.

"होय, पाक." आठ महिन्यांतलं हे पहिलं 'होय' होतं जे शंभर टक्के खरं होतं.

पक्कड आत जाईना. बोट घातलं तर बोटच अडकायचं. मग पाक कासनना युक्ती सुचली, आणि खरं सांगायचं तर युक्ती वाईट नव्हती. घरात जेनांग होता. माडाच्या गुळातला, चिकट, खाताना दात उपटून निघेल असा. साते, म्हणजे मटणाचे तुकडे, भाजायच्या काडीला त्याचा गोळा लावायचा, काडी आत घालायची, शेंगदाणा चिकटून वर येणार.

शेंगदाणा चिकटला. वर आला. अगदी भोकाच्या तोंडाशी आला आणि काठाला घासून परत पडला, या वेळी जेनांगच्या गोळ्यासकट. यित्नोच्या हातात नुसती काडी.

"दुसरा गोळा लावू?" पाक कासन म्हणाले.

लावला. तोही आतच राहिला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "इंजिन तापतं ना आत? जळून जाईल. खायचीच वस्तू आहे, लोखंड थोडंच आहे."

यित्नोला पटलं नाही, पण पटल्यासारखी मान हलवली. दोघांनी गाडी उभी केली, बोल्ट लावले, नवीन ऑइल ओतलं. चटईवर एक वॉशर उरला. पाक कासन म्हणाले, कंपनीवाले जास्तीचा देतातच.

किक मारली. सातव्या किकला गाडी सुरू झाली, आणि दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू इंजिनाचा शोध त्यांनीच लावला. मग सायलेन्सरमधून निळसर धूर आला. धुराला वास होता. गुळाचा, खोबऱ्याचा, भाजक्या शेंगदाण्याचा.

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "पाक कासन, बायको गावाला गेली आणि तुम्ही गोडधोड करताय होय? जरा इकडेही पाठवा."

"तयार झालं की पाठवतो," पाक कासन म्हणाले. नाही कसं म्हणणार?

तेवढ्यात गाडीने खोकला काढला आणि बंद पडली. किक खाली जाईना. यित्नो दोन्ही पायांनी किकवर उभा राहिला. तो तसाच वर, किकही तशीच वर.

दुपारची नमाज होऊन गेली होती. बस यायला अजून दोन-तीन तास. यित्नोला सोमवारची सकाळ दिसायला लागली. पार्सल ऑफिसच्या दारात सायकल घेऊन उभा असलेला तो, आणि त्याच्याकडे बघणारे सगळे. तो पायरीवर बसला.

"पाक, एक विचारू? रागावू नका. तुम्ही याआधी किती वेळा केलंय हे?"

"मी?" पाक कासन चमकले. "मी कशाला करतोय? गाडी हिची. मी तर मागे बसतो. टोपल्या असल्या की तेही नाही. मला वाटलं, तुला येतं."

"मला वाटलं, तुम्हाला येतं."

"तू होय म्हणालास."

"तुम्ही विचारलंत ना, पाक."

पाक कासननी यावर खरंच विचार केला. मग कॉफीचा ग्लास संपवला आणि म्हणाले, "चल, ढकल."

दार्सोचं वर्कशॉप नाक्यावर, फणसाच्या झाडाखाली. दोघं घामाघूम होऊन पोचले. दार्सो वयाने चाळिशीचा, पण लहानपणी पाक कासनच्या कालव्यात पोहत मोठा झालेला, त्यामुळे तो त्यांना काही बोलणं शक्यच नव्हतं. त्याने वास घेतला. हेड उघडलं. आत बघितलं. पिस्टनवर काळी, चकचकीत चिक्की बसली होती, आणि तिच्यात वरच अर्धा शेंगदाणा.

"होतं असं," दार्सो अगदी गंभीरपणे म्हणाला. "हवामानच तसं आहे सध्या."

"तेच मी म्हणत होतो," पाक कासन म्हणाले.

"बस यायच्या आत साफ करतो, पाक. फक्त आतली एक स्प्रिंग दिसत नाही."

पाक कासननी खिशातून स्प्रिंग काढून दिली. दार्सोने ती दोन्ही हातांनी घेतली, जणू भेटवस्तू.

सगळं निभलं असतं. पण बस तासभर लवकर आली, आणि बायका उतरायचं ठिकाण म्हणजे तोच नाका. पहिल्या उतरल्या त्या बू वारसिती. त्यांनी गाडी बघितली. हेड वेगळं, पिस्टन वेगळा, नवऱ्याचा एक पाय काळा. मागून निंग आली आणि तिने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती की रडत होती, ते यित्नोला कळलं नाही.

सासूबाई जावयावर ओरडत नाहीत, ते चांगलं दिसत नाही. म्हणून त्या दार्सोच्या पिंजऱ्यातल्या होल्याशी बोलल्या.

"काय रे पाखरा, बरं आहे तुझं. पिंजऱ्यात आहेस, हाताला काही लागत नाही. काही लोकांना असं ठेवायची सोय असती तर."

होला घुमला. पाक कासन फणसाच्या झाडाकडे बघायला लागले.

मग त्या यित्नोकडे वळल्या. "कोणी उघडली?"

पाक कासननी झाडावरची नजर काढली नाही, पण त्यांचे कान लाल झाले. सगळी बस ऐकत होती. गावातल्या बेचाळीस बायका, म्हणजे रात्रीपर्यंत सगळं गाव. यित्नोला कळलं, आता काय बोलतो त्यावर गाडी आहे, आणि म्हाताऱ्याची अब्रूही आहे.

"मी उघडली, बू."

"येतं तुला?"

तोंडापर्यंत 'होय' आलं होतं. सवयच ती. त्याने ते गिळलं.

"नाही. येत नाही. येत नसताना होय म्हणालो."

दार्सोचा पानासुद्धा थांबला.

"शेंगदाणा माझा होता," पाक कासन झाडाला म्हणाले.

"कुठला शेंगदाणा?" बू वारसितींनी विचारलं, आणि मग पाक कासनना ते सांगावंच लागलं, जेनांगसकट. बसमधल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. एकट्या बू वारसिती हसत नव्हत्या, निदान तसं दाखवत नव्हत्या.

"या माणसाला," त्या होल्याला म्हणाल्या, "तीस वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, योग्या शहराचा रस्ता माहीत आहे का? होय म्हणाला. आम्ही समुद्रावर पोचलो. पार्सलं घेऊन असाच 'होय होय' करत गेला तर लोकांचे चप्पल-बूट समुद्रात जातील." मग यित्नोला, "रस्ता माहीत नसला की सांगशील तसं? चार माणसांसमोर?"

"सांगेन, बू."

"मग ने गाडी. पण आधी टेंपे. पहाटे चारला मला आणि टोपल्यांना बाजारात सोडायचं, मग तुझी नोकरी."

सोमवारी पहाटे गाडी एका किकला सुरू झाली. धुराला आता फक्त धुराचाच वास होता. टोपल्या भरल्या, सासूबाई मधल्या चिंचोळ्या जागेत बसल्या. पाक कासन लुंगी सावरत दारात आले. हातात पाना होता.

"ले, साखळी जरा सैल वाटते. दोन मिनिटांचं काम आहे. बघू?"

यित्नोचं तोंड उघडलं. पाठीमागून सासूबाईंचं एक बोट त्याच्या बरगडीत रुतलं.

"नको, पाक," तो म्हणाला.

पाक कासननी पान्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. नवल वाटल्यासारखं दिसलं.

"बरं," ते म्हणाले. "मग ब्रेक?"

"काढ गाडी," बू वारसिती म्हणाल्या.